अठरा महिन्यांचा रुमाल

नाही, नाही, सही करणार नाही असं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, आत या. दोन वेगळी वाक्यं आहेत, काका. ‘नकार दिला’ असं काही टाकू नका तुमच्या त्या यंत्रात — यंत्र पिशवीतच राहू दे, काढूच नका — कारण कराराचं कलम अकरा म्हणतं की पाकीट नाकारलं तर ते मिळालं असं धरायचं. आणि घेतलं तर काय, मिळालंच. म्हणजे मी घेऊ शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. बोलू मात्र शकते. बोलण्याबद्दल कलम नाहीये, मी तीनदा वाचलंय. तुम्ही चार मजले चढून आलात, लिफ्ट बंद, छातीचा भाता झालाय — पाणी न देता कोणी परत पाठवतं का माणसाला? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे. दुसऱ्या. पाकीट तुमच्या मांडीवरच असू दे. टेबलावर ठेवलंत तर उद्या कोणी म्हणायचं, घरात पोचलं.

घ्या पाणी. सावकाश प्या. अगदी सावकाश. घड्याळाकडे काय बघताय — म्हणजे बघा, हरकत नाही, पण त्यातून सात वजा करा. चार बावन्न दिसतायत ना, म्हणजे चार पंचेचाळीस. या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असतात. बाबांचं काम. बाबा बसच्या वेळापत्रकाच्या ऑफिसात होते, एकतीस वर्षं. शहरातली कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता, हे ज्या खोलीत ठरायचं त्या खोलीतले बाबा. बस कधी वेळेवर आल्याचं तुम्हाला आठवतंय? मलाही नाही. मग त्या माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं — घर वेळेवर आणायला घेतलं. बाथरूमच्या दारावर वेळापत्रक. सहा ते सहा वीस आई, सहा वीस ते सहा चाळीस आत्या, मग भाऊ, आणि मी साडेसातला, कारण मी म्हणे ‘रिकामी गाडी’. नोकरी नाही म्हणून. घरी बसून लिहिते ती काय नोकरी. हसताय ना? हसा. त्यावरच लिहिलंय मी. अर्ध्या तासाची मालिका, तेरा भाग, नाव ‘साडेसातचं बाथरूम’. तुमच्या मांडीवर जे पाकीट आहे ना, ते त्याच्याबद्दल आहे.

काय? नाही, थांबा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. अजून सहा पाकिटं आहेत, उशीर होतोय. होतोय ना? मलाही होऊ दे की थोडा. मला फक्त पाच वाजायला हवेत. का ते सांगते, तुम्हीच म्हणाल पोरीचं बरोबर आहे.

बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात, माहीत आहे ना? तुम्ही टाकला असेल. खिडकीतून हात घालून टाकायचा आणि मग आरामात, पान खात, गप्पा मारत चढायचं. सीट तुमची. बसलेले नाही आहात, पण दुसऱ्या कोणाला बसता येत नाही. बास, माझ्या करारात ज्याला ऑप्शन म्हणतात ते हेच. टीव्हीवाली कंपनी येते, म्हणते, तुझी स्क्रिप्ट आम्हाला फार आवडली, आम्ही ती विकत घेणार आहोत — पण आत्ता नाही. आत्ता आम्ही तिच्यावर रुमाल टाकतो. रुमालाचे म्हणून थोडे पैसे देतात, पूर्ण किमतीचा दहावा हिस्सा वगैरे, आणि त्या बदल्यात अठरा महिने ती स्क्रिप्ट तुम्ही दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, विकायची नाही, कोणी विचारलं तर ‘ती बुक आहे’ म्हणायचं, लग्न ठरलेल्या मुलीसारखं. त्या अठरा महिन्यांत ते चॅनल शोधणार, नट शोधणार, मालिका उभी राहिली तर उरलेली किंमत देणार. नाही उभी राहिली तर रुमाल उचलायचा, स्क्रिप्ट पुन्हा आपली. यात वाईट काही नाही, सगळीकडे असंच चालतं. मी आनंदाने सही केली. खरं सांगते, जिन्यात उभी राहून रडले होते. आनंदाने. रुमालाच्या पैशांतून आईला कपडे धुण्याचं मशीन घेतलं, बाबांनी त्याचंही वेळापत्रक केलं, ते जाऊ दे.

तर खोच कुठे आहे — अठरा महिने संपताना कंपनी मुदत आणखी अठरा महिने वाढवू शकते. माझ्या परवानगीशिवाय. फक्त एक करायचं, लेखी कळवायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या हातात. ई-मेल चालत नाही. का? कारण थोरल्या सरांकडे कराराचा जो नमुना आहे तो त्यांच्या तरुणपणीचा आहे, त्यात तार आहे, फॅक्स आहे, ई-मेल नाही. मला पहिल्यांदा इतका राग आला होता त्या नमुन्याचा, आणि आज बघा, त्याचेच पाय धरावेसे वाटतायत. तर शेवटचा दिवस कुठला असेल? आज. पाच वाजून एक मिनिटाने रुमाल आपोआप उडून जाणार. आणि पावणेपाचला बेल कोणी वाजवली? तुम्ही. केवढं जाड पाकीट आहे ते. मुदतवाढीच्या तीन प्रती असणार, प्रत्येक पानावर सही. कागद वाया घालवायला यांचं मन कधी कचरत नाही.

हो, हो, पावती दाखवताय, दिसली मला पावती. खिशात ठेवा. वाचली तर वाचली असं होईल.

थोरले सर म्हणजे कंपनीचे मालक. सगळे तसंच म्हणतात, धाकटे सर कोणी नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एक विनोदी मालिका केली होती, ती चालली, आणि तेव्हापासून ते बोलतायत. माणूस कधी वाक्य पूर्ण करू देत नाही हो. मी म्हणायची, ‘सर, यातला जो बाप आहे तो —’ आणि सर, ‘कळलं, कळलं, बाप खाष्ट करू, मिशा लावू.’ मी म्हणायची, ‘नाही सर, तो खाष्ट नाही, तो घाबरट आहे, त्याला वाटतं की —’ ‘घरात एक कुत्रा टाक.’ कुत्रा. अकरा वेळा गेले मी त्यांच्या ऑफिसात अठरा महिन्यांत. बाहेर एक निळा सोफा आहे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या आकाराचा खळगा पडलाय. दर वेळी कुत्रा. शेवटी मी विचारलं, सर, तुम्ही वाचलीय का पूर्ण? तर म्हणाले, ‘बाळा, मी स्क्रिप्ट वाचत नाही, मी स्क्रिप्ट ऐकतो.’ पहिली दहा पानं मी वाचून दाखवली होती, तेवढ्यावर त्यांनी रुमाल टाकला. म्हातारी माणसं म्हणजे — तुम्हाला नाही म्हणत, काका. तुम्ही ऐकताय तरी.

मी पण काही कमी नाही. मला आधीच शंका होती. म्हणून स्क्रिप्टच्या चार प्रती काढल्या तेव्हा चारही प्रतींमध्ये पान चाळीस आणि एकेचाळीस मी डिंकाच्या एका थेंबाने चिकटवली. एकच थेंब, खालच्या कोपऱ्यात. वाचणारा माणूस नखाने सोडवेल आणि पुढे जाईल. न वाचणाऱ्याला कळणारच नाही. कॉलेजात एका सरांना प्रोजेक्ट देताना केला होता हा प्रयोग, मार्क चांगले पडले आणि पानं चिकटलेलीच परत आली. तेव्हापासून माझा वडीलधाऱ्यांवरचा विश्वास डिंकावर अवलंबून आहे. एक प्रत सरांना दिली, एक माझ्याकडे ठेवली, एक त्या दोघींना — दोघी म्हणजे कॉलेजातल्या माझ्या दोन ताया, त्यांनी स्वतःचं युनिट काढलंय, एक भाड्याची खोली आणि एक कॅमेरा — त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला, ‘पानं का चिकटवलीस गं, नख तुटलं माझं.’ मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण तोवर सरांचा रुमाल पडला होता. आता त्यांना चॅनलने उद्या सकाळी दहाला बोलावलंय. उद्या. एक विनोदी मालिका हवीय, तयार हवीय. मी मोकळी असले तर मीही जाऊन ‘साडेसातचं बाथरूम’ वाचणार, घरात सांगूनही झालंय; नसले तर त्यांच्याकडे एका भुताची गोष्ट आहे, ती त्या वाचणार. भुताची बरी नाहीये. त्यांनाही माहीत आहे. म्हणून म्हटलं, मला पाच वाजायला हवेत.

आता विचाराल, सरांनाच सांगायचं ना, सोडा म्हणून. सांगितलं. मागच्या आठवड्यात. ‘सर, मला एक विनंती करायची आहे, माझी स्क्रिप्ट —’ ‘बाळा, घाई काय आहे? आमच्याकडे आहे ना सुखरूप.’ मुरवायला ठेवलीय जणू.

फोन? फोन सकाळपासून बंद आहे, कपाटात, स्वेटरांच्या खाली. सरांच्या ऑफिसातून कोणी फोन केला, मी चुकून ‘हो, कळलं’ म्हटलं, की संपलं. नको ते. मला या घड्याळावर भरवसा आहे. पाच वाजून दहा दिसले की समजायचं पाच-तीन. दोन मिनिटं वरती, सुरक्षित. आता किती, पाच-एक? म्हणजे चार चोपन्न. आणखी पाणी देऊ?

चौथी प्रत? तुम्ही बरोबर मोजताय हो. चौथी बाबांना दिली. म्हणजे, त्यांच्या टेबलावर ठेवली. असं हातात देऊन ‘वाचा’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी नाव वाचलं, म्हणाले, ‘बाथरूमवर काय लिहायचं असतं?’ आणि तिच्यावर चष्मा ठेवला. दीड वर्ष ते त्या स्क्रिप्टवर चष्मा ठेवतायत. चष्मा ठेवायला इतकी महागडी जागा शहरात कोणाकडे नसेल. दुसऱ्या महिन्यात मी गुपचूप बघितलं, चाळीस-एकेचाळीस चिकटलेली. सहाव्या महिन्यात बघितलं, चिकटलेली. मग बघायचं सोडलं. म्हटलं कशाला. ‘मी असलं वाचत नाही,’ असं ते आत्यासमोर म्हणाले होते एकदा, मी स्वयंपाकघरात होते. असलं. ठीक आहे. सगळ्यांनीच वाचावं असं थोडंच आहे. आणि बरंच आहे की, कारण आत सगळे तेच आहेत. त्यांचं वेळापत्रक, त्यांची शिट्टी — हो, घरात शिट्टी आहे — आणि घड्याळ. पान चाळीसवर घड्याळाचाच सीन आहे. सांगू? त्यातली मुलगी बापाला म्हणते, ‘अहो, सगळ्यांना माहीत आहे ते सात मिनिटं पुढे आहे. आम्ही मनातल्या मनात सात वजा करतो आणि तेवढ्याच उशिरा निघतो. तुमच्या घड्याळाचा उपयोग फक्त गणितासाठी होतो.’ आणि तो बाप नुसता घड्याळाकडे बघत बसतो. तिथे लोक हसणार, आणि मग जरा गप्प होणार. मला माहीत आहे गप्प होणार. तो सीन लिहायला मला तीन आठवडे लागले. सरांना तो वाचून दाखवायला निघाले होते तेव्हा ते म्हणाले, इथे कुत्रा भुंकेल.

मी रागावलेली नाहीये. हा माझा नेहमीचा आवाज आहे.

एक सांगू का — वाईट काय वाटतं माहीत आहे? सरांनी रुमाल टाकला तेव्हा मी धावत घरी येऊन बाबांना सांगितलं, माझी स्क्रिप्ट घेतली. त्यांनी विचारलं, ‘घेतली की राखून ठेवली?’ कराराचा कागद मागितला, चष्मा लावला आणि करार मात्र पूर्ण वाचला, सतरा पानं, पेन्सिलने खुणा करत. हे पाचचं कलम त्यांनीच दाखवलं मला. म्हणाले, ‘शेवटची गाडी पाचची आहे, लक्षात ठेव. ती चुकली की अठरा महिने दुसरी नाही.’ करार वाचतात. बाथरूम वाचत नाहीत. असो.

पाच-सात. गंमत बघा, बाबा अजून आले नाहीत. ते रोज पाचच्या ठोक्याला दारात असतात. फिरायला जातात, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात, येणाऱ्या जाणाऱ्या बसच्या वेळा टिपतात आणि पाचला किल्ली कुलपात. त्या किल्लीवर शेजारचे लोक दूध तापवायला ठेवतात. आज म्हणजे — आता खरे पाच वाजलेच — आणि नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा उशीर. नेमका आज. नाहीतर तुम्ही दोघं दारात भेटला असतात आणि बाबांनी शिस्तीत पाकीट घेऊन शिस्तीत सही केली असती, कारण आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं.

थांबा, पाच-दहा. झाले, काका, झाले. द्या यंत्र. बोटानेच करायची ना सही? इथे? बघा, माझं नाव एवढं लांब आहे हे मला आज आवडतंय. घ्या. आता द्या ते पाकीट, मी सरांना फोन करून सांगते, फार सुंदर मुदतवाढ आहे, पण तीन मिनिटं उशिरा आली. आणि वेळ दाखवा जरा, यंत्रावर उमटते ना वेळ, मला तिचा फोटो —

चार छप्पन्न.

नाही. चार छप्पन्न कसे असतील? तुमचं यंत्र मागे आहे. आपोआप लागते वेळ? सगळ्यांची सारखी? थांबा. थांबा जरा. पाच-दहातून सात गेले, पाच-तीन. हे घड्याळ काल तर — काल बाबांनी त्याचा सेल बदलला. स्टुलावर चढले होते, मी म्हटलं उतरा, मी बदलते, तर ऐकेनात. ‘तुला जमणार नाही, त्यात हिशोब आहे,’ म्हणाले. पाच-दहा वजा चार छप्पन्न. चौदा. चौदा मिनिटं, काका. दुप्पट केलंय त्यांनी.

का पण? इतकी वर्षं सात होतं, सातच का — कोणी आम्ही सात वजा करतो असं त्यांना — घरात कधी कोणी बोललेलं नाही ते. कोणीही नाही. हिंमत कोणाची. ते फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

पान चाळीस.

नाही, मी ठीक आहे. बसा तुम्ही. तुम्हीच बसा, मी उभी राहते. म्हणजे त्यांनी डिंक सोडवला. आणि मला बोलले नाहीत. वाचलं, आणि गेले, आणि स्टुलावर चढून घड्याळ दुरुस्त केलं. समीक्षा झाली त्यांची. उद्या सकाळी दहाला पोरगी उशिरा पोचू नये म्हणून. आणि त्याच घड्याळाने मला आज चार मिनिटांनी बुडवलं. हसू नका. हसा. मी पण हसतेय ना, हे हसूच आहे.

पाकीट. हो. आता फोडायला हरकत नाही, आता काय उरलंय, सही झाली. तुम्ही परत ती पावती का दाखवताय? वाचते, वाचते. पाठवणार कंपनी, बरोबर. घेणार मी, बरोबर. आत काय — ‘साहित्य परत’. परत म्हणजे?

हे तर माझंच आहे. माझी स्क्रिप्ट. सरांची प्रत, बघा, हा पहिल्या पानावरचा चहाचा गोल, तो त्यांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी पडला होता. आणि चिठ्ठी. एकच ओळ. ‘मुदत वाढवण्याचा आमचा विचार नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ सही पण सरांची नाही, ऑफिसच्या कोणाची तरी.

तुम्ही हेच सांगत होतात? मघापासून? दारात म्हणालात तेव्हा पण? आणि पाणी पिताना? आणि मी — हो. मी बोलू दिलं नाही तुम्हाला. अठरा मिनिटं. सर निदान कुत्रा तरी सुचवायचे.

म्हणजे मी मोकळी आहे. केव्हाचीच होते. त्यांना नकोच होती आणि मी दाराला पाठ लावून लढत होते, कोणाशी, तर तुमच्याशी. जरा वाईट वाटतंय हो, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं निदान सोडवत तरी नसेल त्यांना. पान चाळीस बघते. बघा. चिकटलेलं. थेंब जसाच्या तसा. नखाने सोडवायलासुद्धा — असं. एवढंच करायचं होतं.

काका, तुमची सहा पाकिटं राहिलीत. निघा तुम्ही. नाही, कसलं सॉरी, सॉरी मी म्हणायचं. पुढच्या घरी कोणी पाणी दिलं तर आधी पावती वाचून दाखवा. ग्लास तिथेच राहू दे. आणि तो आवाज आला ना कुलपात, ते बाबा. पाच वाजले. खरे. दारात ते तुम्हाला विचारतील, किती वेळ थांबलात, तर काही सांगू नका, त्यांना फार लागेल. जा. दार उघडंच ठेवा.

आलात? बसा, बाबा. त्या खुर्चीवर नको, दुसऱ्या. कोणी नाही, पाकीट आलं होतं. ते सांगते मग. आधी तुम्ही सांगा. पान चाळीस कसं वाटलं? नाही, मी मध्ये बोलत नाहीये.